वारी, नदी आणि झाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ लागला की आमच्या दिंडीत पहिल्यांदा येणाऱ्यांचे फोन सुरू होतात. पूर्वी विचारायचे, रोज किती चालायचं, बूट घालायचे की चप्पल. अलीकडे कॉलेजातली मुलं वेगळंच विचारतात. नदीचं काय, जातीचं काय, एवढ्या माणसांच्या घाणीचं काय. तीच तीच उत्तरं देऊन झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. उत्तरं माझी आहेत, संप्रदायाची अधिकृत भूमिका नव्हे.

वारी हा भक्तीचा विषय. त्यात पर्यावरण आणि सामाजिक न्याय कुठून आला?

तो पहिल्यापासून आतच आहे. तुकोबांचं घ्या. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ ही ओळ प्रत्येक पर्यावरण दिनाच्या फलकावर असते. पण त्याच तुकोबांच्या घरी सावकारी होती. १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला, त्यात त्यांच्या घरातली माणसं गेली. परंपरा सांगते की पुढे त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, निम्मी भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. बुडत्या कुळांकडून येणं असलेला पैसा त्यांनी पाण्यात घातला. झाडांना सोयरे म्हणणारा आणि कुळांचं कर्ज सोडणारा माणूस एकच. फलकावर मात्र झाडंच येतात, कर्जखतं कोणी लावत नाही. सावकाराला टोचणारी गोष्ट कोण लावणार?

पण नदीचा प्रश्न वेगळा आणि जातीचा वेगळा. दोन्ही एकत्र का घेता?

कारण पाण्याशी आलं की ते वेगळे राहत नाहीत. पाणी कोणी शिवायचं, कोणी घाण करायचं आणि ती घाण कोणी उपसायची, हे तिन्ही आपल्याकडे जन्मावरून ठरत आलं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. तळं सार्वजनिक होतं, नगरपालिकेने ते सर्वांना खुलं असल्याचा ठरावही केलेला होता. गुरं पाणी पीत होती, माणसांना बंदी होती. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. आज ज्याला जलप्रदूषण म्हणतो ते कोणाला दिसत नव्हतं, विटाळ मात्र दिसत होता. ही नजर बदलल्याशिवाय नदी साफ होईल असं मला वाटत नाही.

नदी इतकी पवित्र, मग इतकी घाण कशी?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी नकाशा बघा. ज्ञानोबा माऊलींची पालखी आळंदीहून निघते, तुकोबांची देहूहून. दोन्ही गावं इंद्रायणीकाठची. इंद्रायणी लोणावळ्याच्या बाजूने येते, देहू आणि आळंदीवरून जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. पुण्यातून येणारी मुळा-मुठा पुढे त्याच भीमेत येते. भीमा उजनी धरणात साठते, तिथून खाली पंढरपूरला येते आणि तिथे अर्धचंद्रासारखं वळण घेते, म्हणून ती चंद्रभागा. म्हणजे ज्या पाण्याकाठून आपण निघतो, तेच पाणी पुढे वाळवंटात, म्हणजे चंद्रभागेच्या वाळूच्या पात्रात, आपल्याला भेटतं. पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी चालत जाते. पिंपरी-चिंचवडचं आणि पुण्याचं सांडपाणी नदीतून जातं. पोचतात दोघेही पंढरपूरलाच.

आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला बर्फ वाटतो. तो साबणाचा आणि रसायनांचा फेस असतो: घरांमधलं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि त्यात कारखान्यांचं पाणी. यात्रेच्या तोंडावर धरणातून पाणी सोडलं जातं. उजनीतून चंद्रभागेत, तसंच वरच्या बाजूलाही. फेस पुढे ढकलला जातो, स्नान होतं, बातम्या थांबतात.

आता पावित्र्याचं. माझं मत कडू लागेल, पण ‘गंगा सगळं पोटात घेते’ ही समजूत नदीच्या मुळावर आली आहे. जे आपोआप शुद्ध होतं त्याची राखण कोण करणार? आईला काही होत नाही असं धरून चालणाऱ्या मुलांसारखं आपलं झालं. निर्माल्य, राख, जुने कपडे, फुटक्या तसबिरी, सगळं ‘विसर्जन’ या एका शब्दाखाली खपतं. तरी यात्रेकरूंच्या निर्माल्यापेक्षा शहराच्या गटाराचा वाटा कितीतरी मोठा आहे, हेही स्पष्ट सांगतो. वारकऱ्याला नदीकाठी दातून टाकू नको म्हणायचं आणि बारमाही वाहणाऱ्या नाल्याकडे पाठ करायची, हा न्याय नव्हे. राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर केलं. नावात नमन आहे. नाले अडवणं हे त्याहून कष्टाचं काम आहे, आणि ते पंढरपुरात नव्हे, वर पुण्याच्या बाजूला करायचं आहे.

चंद्रभागेचं तीर्थ प्यावं का?

नको. कपाळाला लावा, नमस्कार करा. प्यायला घरून आणलेलं किंवा टँकरचं तपासलेलं पाणी. एका वर्षी आमच्या दिंडीतल्या सातजणांना जुलाब लागले आणि परतीचा प्रवास कसा झाला ते लिहिण्यासारखं नाही.

लाखो माणसं चालतात. शौचाचं काय?

लाजून विचारू नका, हा वारीतला सगळ्यांत गंभीर प्रश्न आहे.

अनेक वर्षं उत्तर एकच होतं: शेत, ओढा, नदीकाठ. मुक्काम हलला की गावाच्या वाट्याला काय उरायचं ते गावकऱ्यांना विचारा. एरवी जेवायला घालणारी, पाय चेपून देणारी माणसं, पण पालखी गेल्यावर आठवडाभर शेतात पाय टाकवत नसे. आणि पंढरपुरात? एकादशीनंतर वाळवंटातला मैला उचलायचा कोणी? ठरावीक जातीच्या सफाई कामगारांनी, बऱ्याचदा हातांनी. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरीही हे चाललं होतं. शेवटी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सरकारला फटकारलं, वाळवंटातल्या राहुट्या आणि मंडपांवर निर्बंध आले आणि नदीपलीकडे ६५ एकरांवर वारकऱ्यांच्या तळाची सोय उभी राहिली. २०१५ च्या सुमारास फिरत्या शौचालयांसह ‘निर्मल वारी’ सुरू झाली. आता मुक्कामाच्या गावी रांगेने शौचालयं असतात, तरुण स्वयंसेवक पहाटे तीनपासून शिट्टी घेऊन उभे असतात. फरक पडलाय, डोळ्यांनी बघितलाय.

त्या वेळी बरीच कुरकुर झाली. वाळवंटातलं कीर्तन ही शेकडो वर्षांची रीत, कोर्टाने त्यात का पडावं, असं पुष्कळांना वाटलं. मलाही वाटलं होतं. वाळूत बसून ऐकलेल्या कीर्तनाची सर मंडपाला नाही. पण त्या वाळूत दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन कोण उतरत होतं, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं. ‘माऊली’ म्हणून ज्याच्या त्याच्या पाया पडत होतो, टोपली घेऊन उतरणाऱ्या त्या बाईच्या नाही पडलो.

फिरत्या शौचालयांची टाकी उपसण्याचं काम आता यंत्राने होतं. यंत्रावरची माणसं कुठल्या वस्तीतून येतात ते मात्र बघत चला.

गाडगेबाबांचं नाव प्रत्येक स्वच्छता मोहिमेला का देतात?

कारण ते सोयीचं आहे. २००० मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि त्याने खेड्यापाड्यांत खरोखर काम झालं, हे मान्य. पण बाबांचा झाडू अर्धाच उचलला गेला.

डेबूजी जानोरकर, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, जात परीट. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तनात प्रश्न विचारायचे: कर्ज काढून लग्न करता का? पोराला शाळेत घालता का? देवाला बकरं कापता का? माणसाला शिवत नाही का? श्रोते ‘नाही’ म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. पंढरपूरला दर यात्रेला यायचे, पण देवळात जात नसत. बाहेर यात्रेकरूंची सेवा. धर्मशाळा बांधल्या, त्यांतली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ ला गेले, बाबा त्याच महिन्याच्या २० तारखेला.

त्यांनी रस्ता स्वतः झाडला, दुसऱ्याला झाडायला लावला नाही. मोहिमेच्या उद्घाटनाला नवा कोरा झाडू हातात धरून, तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून उभं राहणाऱ्यांशी याचा संबंध नाही.

संतांनी जात मोडली का?

माझ्या आधीच्या पिढीचे महाराज म्हणायचे, हो. माझा दलित मित्र म्हणतो, अजिबात नाही. मी दोघांच्या मधे कुठेतरी आहे, पण मित्राच्या बाजूला जास्त.

चोखोबा मंगळवेढ्याचे. वेठीला धरून गावकुसाच्या कामाला लावलं, ते कोसळलं आणि ढिगाऱ्याखाली गेले. साल १३३८ सांगतात. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीच्या समोर आहे. दर्शनाला जाताना प्रत्येकजण तिथे हात जोडतो. ज्याच्या समाधीपुढे हात जोडतो त्याला जिवंतपणी आत जाता येत नव्हतं, हे किती जणांच्या मनात येतं कोणास ठाऊक. वारीतही हेच. गेल्या शतकाच्या मध्याला वारीत चाललेल्या इरावती कर्वे यांनी नोंदवून ठेवलंय की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवत. त्यांना ते खटकलं होतं. भजन एक, पंगत दोन.

आंबेडकरांनी १९३६ मध्ये याच ठिकाणी बोट ठेवलं. देवापुढे सगळे सारखे असं संत म्हणाले, पण माणूस माणसाच्या बरोबरीचा आहे या भांडणात ते उतरले नाहीत, असा त्यांचा आक्षेप. याला माझ्याजवळ चोख उत्तर नाही. एवढंच सांगतो की त्याच आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला तेव्हा माथ्यावर तुकोबांचा अभंग छापला होता आणि ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. संतांची भाषा त्यांना परकी नव्हती. तिच्यावर थांबणं त्यांना मंजूर नव्हतं.

मग मंदिर सगळ्यांना कधी खुलं झालं?

१९४७ मध्ये, तेही सहजासहजी नाही. साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले, गावोगावची देवळं आणि विहिरी खुल्या करा म्हणून सांगत. मग १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. जागा मिळेना, तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. मला ही गोष्ट उपोषणाइतकीच मोठी वाटते. गावात राहायचं, फड चालवायचा आणि गावाच्या रोषाला तोंड द्यायचं, हे बाहेरून आलेल्या पुढाऱ्यापेक्षा अवघड असतं. पुढे बडवे-उत्पातांचे, म्हणजे मंदिरातल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, हक्क १९७३ च्या कायद्याने गेले, पण खटले चालत राहिले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ च्या जानेवारीत लागला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी सर्व जातींकडून अर्ज मागवले, बायकांकडूनही.

कायदा, उपोषण, कोर्ट, असं सगळं लागलं. नुसत्या अभंगांनी दार उघडलं नाही. पण अभंग नसते तर गुरुजी कुठल्या तोंडाने बडव्यांना जाब विचारणार होते?

पाळी आली तर वारीत चालावं का? घरचे नको म्हणतात.

चाला. आमच्या दिंडीत बायका गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायच्या, तीन आठवडे. तब्येतीचे हाल. आता आम्ही पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगतो की गरज नाही. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई सातशे वर्षांपूर्वी विचारून गेल्या आहेत: ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’, पण विटाळावाचून देह उपजला तरी कुठे? घरच्यांना हा अभंग म्हणून दाखवा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, ट्रकवर त्यासाठी झाकणाचा डबा असतो. ओढ्यात टाकू नका.

पत्रावळी की ताटं?

स्वतःचं स्टीलचं ताट-वाटी. संपला विषय. थर्माकोल २०१८ पासून राज्यात बंदच आहे, तरी वाटेवर दानशूर मंडळी अन्नदान करतात तेव्हा दिसतंच. पुण्य म्हणून पोहे वाटायचे आणि हजार प्लेटा रस्त्यावर सोडायच्या. पाण्याच्या छोट्या बाटल्यांचंही तेच. एखाद्या दानशूराला हे सांगितलं तर वाईट वाटतं त्याला, तरी सांगतो. पळसाची पत्रावळ चालेल, पण ‘पत्रावळी’ म्हणून हल्ली आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेली विकतात, ती ओळखायला शिका.

वारीत झाडं लावतात, त्याचा उपयोग होतो का?

लावण्याचा फोटो होतो. आषाढात लावलेलं रोप चैत्रात कोण पाजणार, हे ठरलं असेल तर उपयोग. पालखी मार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेचे जुने वड गेले, ज्यांच्या सावलीत विसावा व्हायचा. त्यांच्या जागी लावलेली रोपं सावली देईपर्यंत मी नसेन. दिंडीने शंभर रोपं लावण्यापेक्षा वाटेतल्या एका गावाशी बोलून दहा जगवावीत.

धर्माने निसर्ग राखल्याचं खरंखुरं उदाहरण आहे का? की नुसतं बोलायचं?

आहे. देवराया. सह्याद्रीत आणि कोकणात गावोगावी देवाच्या नावाने राखलेलं रान. नियम साधा: इथली फांदी तोडायची नाही, कित्येक ठिकाणी तर पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. भीमाशंकरजवळच्या आहुप्यासारख्या ठिकाणी गेलात की बाहेरचा उघडा डोंगर आणि आतला ओला अंधार यांतला फरक कळतो. झरे तिथेच टिकले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या रायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगापुढे मांडलं.

कशाने टिकल्या? श्रद्धेने, हो, पण श्रद्धेबरोबर गावाचा करडा नियम होता आणि मोडणाऱ्याला भीती होती. नदीला असा नियम कधी नव्हता, फरक तिथे आहे. आता भीती गेली आणि देणगी आली. जुन्या शेंदऱ्या दगडाच्या जागी स्लॅबचं देऊळ, फरशा, भक्तनिवास, गाडी वळवायला जागा. देव मोठा होतो, राई आक्रसते.

आणि एक गोष्ट झाकू नये. काही रायांत बायकांना जायला बंदी आहे. झाडं राखणारा नियम आणि बाईला अडवणारा नियम एकाच तोंडून येतो. त्यातला पहिला ठेवून दुसरा टाकता येतो का? येतो असं मला वाटतं, पण ते गावातल्या बायकांनीच ठरवायला हवं. शहरातून जाऊन व्याख्यान देणाऱ्याचं तिथे काम नाही.

हे सगळं हिंदूंचंच झालं. बाकीच्यांचं काय?

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. कॅथलिक धर्मगुरू, मराठी लेखक, २०२० मध्ये धाराशिवला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वसईच्या वाड्या, विहिरी आणि हिरवा पट्टा बिल्डर आणि गुंडांच्या घशात जाऊ लागला तेव्हा ‘हरित वसई’ चळवळ उभी राहिली आणि हा माणूस तिच्या पुढे होता. धमक्या आल्या. टँकर भरभरून उपसा होतो आणि विहिरी खारट होतात, हा तिथे प्रवचनाचा विषय झाला. देवळात असो की चर्चमध्ये, नाव घेऊन बोलायला धैर्य लागतं. ‘निसर्ग जपा’ असं कोणीही म्हणतं.

मी देव मानत नाही. चालू का?

चाला की. माळ घालायची सक्ती नाही. भजनात नुसते टाळ वाजवा. वाद घालायचा असेल तर मुक्कामावर, चढावर नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने गणपतीच्या मूर्ती नदीत न सोडता दान करा म्हणून मोहीम चालवली, तेव्हा त्यांना धर्मबुडवे म्हटलं गेलं. आज महापालिकाच कृत्रिम हौद आणि निर्माल्य कलश ठेवतात आणि भाविक रांगेने तिथे जातात. धर्माच्या रीती कधीकधी बाहेरचे लोक दुरुस्त करतात. मान मिळतो उशिरा.

यंदा यायचं ठरवलंय. काय आणू?

ताट, वाटी, तांब्या. दोन लिटरची पाण्याची बाटली, पुन्हा भरता येईल अशी. इरलं किंवा टिकाऊ रेनकोट. दहा रुपयांचा प्लास्टिकचा कागद नको, तो दुसऱ्या दिवशी फाटून कुंपणाला लटकतो. सुती कपडे दोन जोड. पायाला खोबरेल. आणि झाडू आणू नका, दिंडीच्या ट्रकवर आहेत. मुक्काम हलण्याआधी तळ झाडायची पाळी प्रत्येकाला येते, विणेकऱ्यांनाही. पाळीचा तक्ता पहिल्या दिवशी आळंदीत लागतो, आपलं नाव बघून घ्या.